गोटमारीची कथा आणि सत्याची कसोटी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे ठाकतात. मधोमध पळसाचे झाड, त्यावर झेंडा आणि दोन्हीकडून दगड. कारण विचारले की कथा सांगितली जाते : पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदीतच दगडांचा मारा झाला आणि दोघांचाही अंत झाला. काही जण भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावाची हकीकत सांगतात. सौंसरला माझ्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, यातलं खरं कोणतं?"

नैयायिकांच्या मते वस्तू जशी आहे तसे तिचे ज्ञान होणे, हे सत्य. ही कसोटी उत्तम. पण मूळ प्रसंगाचा साक्षीदार आज कोण? उरली ती गावाची स्मृती, आणि ती साक्षीदाराची वारस असते, साक्षीदार नव्हे. सुसंगतिवादी म्हणतील, विधाने परस्परांशी जुळली की पुरे. मात्र वरील दोन्ही कथा आपापल्या जागी सुसंगतच आहेत. निवड कशी करावी?

मग उरतो फलप्रामाण्यवाद. विल्यम जेम्स यांच्या १९०७ मधील 'प्रॅग्मॅटिझम' या ग्रंथाने तो प्रसिद्ध झाला. अनुभवात जे उपयोगी पडते, ते सत्य, असे त्याचे ढोबळ रूप. आपल्याकडे गोटमारीचे समर्थन याच वाटेने होते : कथेमुळे परंपरा टिकते, गाव एकत्र येतो. येथे आपल्या दुभाषी जिभेने जरा थांबावे. हिंदीत नाणे 'खोटा' आणि बोलणे 'झूठ'. मराठीत दोन्ही 'खोटे'च. खोटे नाणेही ओळखले जाईपर्यंत बाजारात चालते. चालते म्हणून ते खरे ठरत नाही. जेम्स यांना असा सवंग अर्थ अभिप्रेत नव्हता, हे नमूद केले पाहिजे. पण व्यवहारात त्यांचे मत असेच वापरले जाते.

मीमांसकांची भूमिका मला अधिक उपयोगी वाटते. बाधक ज्ञान पुढे येईपर्यंत ज्ञान प्रमाण मानावे, असे ते म्हणतात. त्यानुसार कथा खुशाल प्रमाण माना. तरी "म्हणून आपणही दगड मारावेत" हा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. या निष्कर्षाला याहून मोठा बाधक कोणता हवा? दगडांनी दोन जीव गेल्याची कथा खरी असेल, तर ती दगड खाली ठेवायलाच सांगते.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "बाळ, कथा खरी की खोटी हे कदाचित कधी कळणार नाही. पण कपाळावरची जखम खरी असते."

२०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे. नव्या जिल्ह्याने जुनी कथा जरूर जपावी. तिच्यातले ते 'म्हणून' मात्र नदीत सोडून द्यावे.