मिरवणुकीची तसबीर

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. आजोबांची फेट्यातली, थोरल्या आत्याच्या लग्नातली, शाळेच्या संमेलनातली. फडके फिरवता फिरवता कोणी तरी थांबते आणि विचारते, 'हा मागच्या रांगेतला कोण हो?' मिरवणुकीची किंवा मोर्चाची तसबीर मात्र कोणी घरात लावीत नाही. तिच्यात आपला माणूस असला तरी तो ओळखू येत नाही, आणि ओळखू आला तर कधी कधी ते बरेही नसते. तरीसुद्धा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे राजकारण आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते बव्हंशी अशाच तसबिरींतून. काव्याला आणि चित्राला आपण जी कसोटी लावतो ती या प्रकारालाही लावून पाहावी, अशा हेतूने हा लेख लिहीत आहे. कसोटीचे गाव म्हणून मी सोलापूर निवडले आहे. त्याचे कारण वाचकांना पुढे कळेलच.

या कलेचा आरंभ मोठा बोलका आहे. 10 एप्रिल 1848 रोजी लंडनच्या केनिंग्टन मैदानावर मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांची प्रचंड सभा भरली. विल्यम किलबर्न नावाच्या छायाचित्रकाराने उंचावरून तिची छायाचित्रे घेतली. जमावाच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत त्यांची गणना होते. त्यांत टोप्यांचा समुद्र आहे, पाठी आहेत, मागे कारखान्याचे धुराडे आहे. चेहरा म्हणावा असा एकही नाही. कामगारांची ही चित्रे जाऊन पडली कुठे, तर राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांच्या, प्रिन्स अल्बर्टच्या संग्रहात! ज्यांच्याविरुद्ध ओरड चालली होती त्यांच्याच कपाटात ओरडणाऱ्यांची तसबीर. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पॅरिसमध्ये तिबो या गृहस्थाने एका रस्त्यावरचे अडथळे दोनदा टिपले, एकदा सैन्याच्या हल्ल्यापूर्वी आणि एकदा नंतर. पहिल्या चित्रात रस्ता जवळजवळ निर्मनुष्य भासतो. त्या काळी कॅमेऱ्याचे भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे, त्यामुळे हालचाल करणारा माणूस चित्रात उमटतच नसे. जो लढत होता तो गायब, आणि दगडांची रास तेवढी शिल्लक.

यंत्राचा हा दोष पुढे गेला. पण उंचावरून जमाव पाहायचा की खाली उतरून माणूस पाहायचा, हा पेच यंत्राने सुटण्यासारखा नव्हता. तो आजही सुटलेला नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. 1930-31 सालच्या मुंबईतील सविनय कायदेभंगाच्या छायाचित्रांचा एक जुना संग्रह आहे. के. एल. नर्सी या नावाने तो ओळखला जातो आणि आज तो अल्काझी संग्रहात आहे. (नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी मूळचे पुण्याचे, हे येथे सहज आठवले.) अव्राती भटनागर आणि सुमती रामस्वामी यांनी अलीकडे या संग्रहावर एक इंग्रजी ग्रंथ संपादित केला आणि इतकी वर्षे बासनात असलेला तो ऐवज लोकांपुढे आणला. ही चित्रे पाहताना प्रथम जाणवते ती मुंबईच्या बायकांची गर्दी. त्या मिरवणुकीच्या अग्रभागी आहेत, मीठ करीत आहेत, लाठी घेतलेल्या पोलिसांसमोर ठाण मांडून आहेत. देशसेविकांच्या केशरी साड्या काळ्या-पांढऱ्या चित्रात करड्या झाल्या आहेत खऱ्या, पण त्यांची चालण्याची ऐट करडी झालेली नाही. घराचा उंबरठा ज्या पिढीत सहजासहजी ओलांडला जात नव्हता, त्या पिढीतल्या या बायका. इतिहासाची पुस्तके त्यांना एका वाक्यात 'स्त्रियांचाही सहभाग लक्षणीय होता' असे म्हणून निकालात काढतात. छायाचित्राला ते जमत नाही. त्याला एकेक बाई निराळी दाखवावीच लागते. या प्रकाराचे सर्वांत मोठे बळ मला यात दिसते.

आणि त्याचे उणेपणही तिथेच आहे. चित्रे काढली कोणी, हे बहुतेक ठिकाणी अज्ञात. बायका कोण, हेही बहुतेक ठिकाणी अज्ञात. पुढाऱ्यांची नावे मिळतात. घडा उचलणारीचे मिळत नाही. शिवाय ही चित्रे जरा चिकित्सेने पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मुंबईच्या मिरवणुकीला आपण पाहिले जात आहोत याची जाणीव आहे. मुंबईत छायाचित्रांचे स्टुडिओ होते, वृत्तपत्रे होती, परदेशी बातमीदार होते, आणि जगाच्या डोळ्यांत भरेल अशा शिस्तीने चालायचे हे काँग्रेसने ठरवलेले होते. यात खोटेपणा मुळीच नाही; सत्याग्रह हा पाहणाऱ्याच्या मनाला हात घालण्यासाठीच असतो. तथापि जी चळवळ कॅमेऱ्यासमोर होऊ शकली, तिचीच तसबीर राहिली, एवढे मात्र विसरून चालणार नाही.

आता सोलापूर. मुंबईपासून आगगाडीने एका रात्रीच्या वाटेवर असलेले हे गिरणगाव. साल तेच, 1930. मे महिन्याच्या पाच तारखेला गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गाव पेटले. आठ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या निमित्ताने रूपाभवानीच्या बाजूला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. खवळलेल्या लोकांनी मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला केला आणि त्यात पोलीसही मारले गेले. त्यानंतरचे दोन-चार दिवस इंग्रजांची सत्ता गावात नावालाही उरली नव्हती. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो 30 जूनपर्यंत राहिला. झेंडा दिसला की शिक्षा, गांधी टोपी दिसली की ती डोक्यावरून उतरवायची. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चार निरनिराळ्या समाजांतली ही माणसे. कुर्बान हुसेन तर 'गझनफर' पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी.

मुंबईचे ते दिवस पाने उलटून पाहता येतात. सोलापूरचे ते दिवस ऐकावे लागतात. सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे येते ते चार चेहऱ्यांचे चित्र आणि चौकातले पुतळे. एकेकटे, समोर पाहणारे, नीटनेटके. ज्या गर्दीतून ते आले ती गर्दी, तो मे महिन्याचा फुफाटा, गिरणीची पाळी सोडून आलेले कामगार, पळापळ, पडलेल्या वहाणा, यांतले काहीही त्या चेहऱ्यांमागे नाही. चळवळ जिथे अतिशय तीव्र झाली तिथे ती कॅमेऱ्याच्या हातून निसटली, आणि लष्करी कायद्याच्या काळात रस्त्यावर कॅमेरा काढून उभा राहणारा माणूस कोणत्या वाटेने गेला असता हे सांगायला ज्योतिषी नको.

कोणी म्हणेल, तेव्हा सोलापुरात कोणी चार काचा खर्च केल्या असत्या तर केवढा ठेवा हाती राहिला असता! मलाही प्रथम तसेच वाटत होते. पण या इच्छेची दुसरी बाजू पाहिली म्हणजे जीव चरकतो. त्या चौघांना फास लागला तो साक्षीदारांच्या जबान्यांवर. जमावात कोण होता आणि कोण नव्हता, एवढ्यावर चार माणसांचे प्राण टांगलेले होते. मंगळवार पेठेच्या चौकीसमोरची एखादी स्वच्छ तसबीर त्या वेळी न्यायासनापुढे आली असती, तर तिने चौघांना सोडवले असते, की आणखी चाळीस जणांना ओळखून दिले असते? ही नुसती कल्पना नव्हे. 1871 साली पॅरिसच्या कम्यूनमधील लोक व्हांदोम स्तंभ पाडून त्यापाशी मोठ्या अभिमानाने छायाचित्रासाठी उभे राहिले. कम्यून चिरडली गेल्यावर पोलिसांनी तीच छायाचित्रे हाती घेऊन माणसे हुडकली. अभिमानाने उभे राहण्याचे एवढे मोल क्वचितच कोणी दिले असेल. हाँगकाँगच्या तरुणांनी 2019 साली तोंडावर मुखवटे चढवले ते याच धास्तीने, आणि सरकारने त्या मुखवट्यांवर बंदी घातली तीही याच कारणाने. आता तर यंत्रच चेहरा ओळखते. साक्षीदाराला शपथ घालण्याचेही काम राहिलेले नाही.

म्हणून मोर्चाचे चित्र चांगले की वाईट हे ठरवताना प्रकाश, रचना आणि क्षण यांच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे, असे माझे मत आहे. त्या चित्रातल्या माणसाचे पुढे काय झाले? आमच्याकडच्या छायाचित्र-प्रदर्शनांतून हा प्रश्न फारसा ऐकू येत नाही. तिथे 'काय क्षण पकडलाय!' एवढ्यावर रसिकता संपते.

दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे 16 जून 1976 रोजी शाळकरी मुलांच्या मोर्चावर गोळीबार झाला. हेक्टर पीटरसन या मुलाला हातांवर घेऊन धावणारा एक तरुण आणि शेजारी आक्रोश करणारी हेक्टरची बहीण, असे सॅम एनझिमा याने घेतलेले चित्र जगभर गेले. रचनेच्या दृष्टीने ते इतके परिपूर्ण आहे की पाहणाऱ्याला चित्रकलेतील शोकचित्रांची आठवण व्हावी. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून एनझिमाने फिल्म पायमोज्यात दडवली होती. पण नंतर? पोलिसांच्या ससेमिऱ्यामुळे त्याला जोहान्सबर्ग आणि आपला व्यवसाय दोन्ही सोडावे लागले. मुलाला उचलणारा म्बुयिसा मखुबू देशाबाहेर पळाला आणि पुढे त्याचा ठावठिकाणा लागला नाही. चित्राने वर्णद्वेषी राजवटीची लाज काढली, हे शंभर टक्के खरे. त्या चित्रासाठी दोन माणसांनी आपले आयुष्य खर्ची घातले, हेही तितकेच खरे. ते चित्र मला थोर वाटते ते या दोन्ही गोष्टी ठाऊक असल्यामुळे. केवळ रचनेमुळे नव्हे.

रचनेचा हव्यास कुठवर जातो पाहा. 1970 साली अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. मृत तरुणाशेजारी गुडघे टेकून किंचाळणाऱ्या मुलीचे जॉन फिलो याचे चित्र प्रसिद्धच आहे. तिच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब नेमका डोक्यातून उगवल्यासारखा आलेला आहे. पुढे काही नियतकालिकांनी तो पुसून चित्र छापले. मला तो खांब हवा आहे. मरण काही जागा पाहून येत नाही.

आणि याच्या अगदी उलट असे एक चित्र. 1968 सालच्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले. जोसेफ कुडेल्का रस्तोरस्ती हिंडून छायाचित्रे घेत होता. ती चोरून देशाबाहेर गेली आणि वर्षभराने, घरच्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून, त्याच्या नावावाचून छापली गेली. त्याने ते नाव जगाला सांगितले ते 1984 साली, वडील वारल्यानंतर. रणगाड्यांपुढे छाती काढणारे लोक त्या चित्रांत आहेतच. पण माझ्या मते त्या सर्वांचा मुकुटमणी आहे तो रिकाम्या चौकाचा फोटो. पुढे एक मनगट, त्यावर घड्याळ, आणि मागे प्रागचा मुख्य चौक मोकळा पडलेला. त्या वेळी तिथे निदर्शने व्हायची होती. लोकांना चिथावून गोळीबाराला निमित्त मिळवण्याचा डाव असल्याचा वास आला, आणि लोक आलेच नाहीत. न झालेल्या निदर्शनाचे चित्र! गर्दी मोजणाऱ्यांना त्यात काहीच दिसणार नाही. परंतु एका शहराचे शहाणपण आणि त्याची शिस्त त्या मोकळ्या रस्त्यात जेवढी आहे तेवढी लाखाच्या मोर्चातही क्वचित सापडते.

सोलापूरच्या 13 मेची तसबीर मनाशी रंगवू लागलो की मला मिरवणूक दिसत नाही. त्या मनगटामागचा चौक दिसतो. बंद दुकाने, नाक्यावर संगीन लावलेला शिपाई, आणि कडेकडेने जाणारी दोन-चार माणसे, बोडक्या डोक्यांची. ज्या काळी बोडक्या डोक्याने बाहेर पडणे अशुभ मानीत त्या काळी ती माणसे तशी चालली आहेत, कारण डोक्यावर घालायची म्हणून त्यांनी जी टोपी पत्करली होती ती घालायला मनाई आहे आणि दुसरी त्यांना घालायची नाही. असे चित्र कोणी घेतले असते आणि खाली गाव, तारीख लिहायला विसरला असता, तर पाहणाऱ्याला वाटले असते, सोलापुरातली ही उन्हाळ्यातली एक दुपार. ऊन मी म्हणत असेल, म्हणून रस्त्यावर कोणी नाही.