बुवांचं कोठार आणि होळकरांची मिल

आपल्या मंडळाच्या बैठकीत जुन्या मराठी विचारवंतांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, मार्क्सचं काय घेऊन बसलात! आपल्या विष्णुबुवांनी तेच १८६७ मध्ये मराठीत लिहून ठेवलंय." साल अगदी बरोबर आहे. 'भांडवल'चा पहिला खंड जर्मनीत निघाला, त्याच वर्षी विष्णुबुवा ब्रह्मचारींचा 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' छापून आला. पण अभिमानाच्या भरात निबंध वाचायचाच राहून जातो. तो वाचायला हवा. आणि आम्हा इंदूरकरांनी तर आपल्या बंद मिलची आठवण जागी ठेवून वाचायला हवा.

पुस्तिका छोटीशी आहे. सगळी प्रजा म्हणजे एक कुटुंब आणि राजा कुटुंबप्रमुख, ही तिची मूळ कल्पना. जमीन सर्वांची. पिकेल ते गावच्या कोठारात जमा करायचं आणि ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं न्यायचं. कापडाचीही तीच व्यवस्था. मुलं पाच वर्षांची झाली की राजानं सांभाळायची, शिकवायची आणि ज्याला जे जमेल ते काम त्याला द्यायचं. म्हाताऱ्यांना विसावा. कुणी उपाशी नाही, म्हणून चोरी नाही; माझं-तुझं नाही, म्हणून खटले नाहीत.

हे वाचून हसू येऊ देऊ नये. तो काळ आठवावा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा धो धो आला, शेअरांचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये सगळा डोलारा कोसळला. पुढच्याच वर्षी ओरिसात भीषण दुष्काळ पडला. व्यापारावरचा विश्वास उडायला याहून वेगळं काय लागतं? एका संन्याशाला भुकेचा प्रश्न राज्याचा प्रश्न वाटला, ही बुवांची थोरवी आहे. ती कुणी कमी करू नये.

माझी अडचण पुढेच आहे. निबंधाचा सारा भार राजा शहाणा आणि कारभारी सज्जन असण्यावर आहे. गव्हाचं कोठार भरलेलं आहे आणि मीठ संपलंय, हे राजाला कळणार कसं? बाजारात ते भावावरून कळतं. मीठ महागलं की लांबचा व्यापारी बैल जुंपतो. बुवांच्या राज्यात भावच नाही. म्हणजे कोठारावरच्या कारकुनानं वर लिहायचं, वरच्यानं त्याच्या वर, आणि उत्तराची वाट बघायची. आणि कारकुनानंच मापात खोट केली तर? शेजारी दुसरं दुकान नाही. दाद मागायची ती त्याच्याच मालकाकडे. गंमत म्हणजे बुवांनी तरुणपणी सरकारी कस्टम खात्यात नोकरी केली होती. खातं आतून कसं चालतं हे ज्यानं पाहिलं, त्यानंच सगळं जग एका खात्याच्या स्वाधीन करावं, हे मला अजून उलगडत नाही.

आता इंदूरकडे येऊ या. बुवा लिहीत होते त्याच सुमारास दुसरे तुकोजीराव होळकर दरबारच्या पैशानं कापडाची मिल उभी करत होते. तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती; यंत्रं हत्तींनी ओढून आणली, असं अजून सांगतात. धाडस मोठंच होतं आणि माळव्यातल्या मिलधंद्याची सुरुवात तिथून झाली, हे श्रेय दरबारचंच. पण मिलचा मालक दरबार, जकात घेणारा दरबार आणि न्याय देणाराही दरबार! पुढे ती मिल ठेक्यानं खासगी हातात गेली, आणि शहराचा खरा मिलधंदा वाढला तो विसाव्या शतकात, शेठ लोकांच्या भांडवलावर.

याच तुकोजीरावांचा दुसरा व्यवहार बघा. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी कर्जाऊ दिले. इथे दोन पक्ष होते, अटी कागदावर होत्या. आगगाडी दरबारनं चालवली नाही, पण दरबारच्या पैशावाचून ती तेव्हा आलीही नसती. सरकारनं वाट करून देणं वेगळं आणि दुकान थाटून बसणं वेगळं. हा फरक बुवांच्या निबंधात नाही. होळकरांच्या दप्तरात मात्र दिसतो.

शंभर वर्षांनी आपण तोच धडा परत गिरवला. १९७४ च्या कायद्यानं देशातल्या १०३ आजारी कापड गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या. त्यांत आपली मालवा मिल होती, कल्याणमल मिल होती. हेतू बुवांसारखाच चांगला होता: हजारोंची चूल विझू नये. पण तोटा झाला तरी सरकार भरतंय म्हटल्यावर जुनी यंत्रं बदलायची घाई कुणाला? पुढे एकेक मिल बंद पडली. आज 'मालवा मिल' हे चौराह्याचं नाव उरलंय.

"मग शेठ लोक काय धुतल्या तांदळाचे होते का?" असं विचाराल, तर नाही. हुकुमचंद मिल खासगीच होती. ती १९९१ मध्ये बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या हक्काचे २२४ कोटी सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीजण गेलेही. पण त्यांना निदान मालकावर दावा लावता आला, कोर्टाची पायरी चढता आली. सरकारचं काम तिथे होतं: न्याय लवकर करायचं. ते झालं नाही. जे सरकार पंचाचं काम वेळेवर करत नाही, त्याच्याच हातात बॅटही द्यायची का, हा माझा साधा प्रश्न आहे.

म्हणून बुवांना 'मराठी मार्क्स' म्हणून मखरात बसवू नका. त्यांची कळकळ घ्या आणि त्यांना उलट प्रश्नही विचारा. सरकार कुठलाही नवा धंदा हातात घेतं तेव्हा मी एवढंच बघतो: मापात खोट आली तर ग्राहकाला, कामगाराला तक्रार करायला दुसरं दार आहे का? बुवांच्या कोठाराला ते नव्हतं.