हॅम्लेटमधील एक श्लेष आणि मराठी भाषांतरकार

शेक्सपिअरचा शब्दश्लेषाचा मोह हा मोठा दोष होय, असे डॉ. जॉन्सनने १७६५ च्या प्रस्तावनेत बजावले. मोरोपंतांच्या यमकांवर ज्याचा कान पोसला आहे, त्या मराठी वाचकाने हा निकाल मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही.

हॅम्लेटचेच उदाहरण घ्यावे. चुलता क्लॉडिअस, जो आता आईचा पतीही आहे, त्याला पुत्र म्हणतो आणि त्याच्या मुखावरील दुःखाचे मेघ अजून का विरत नाहीत, असे विचारतो. आपण उन्हातच फार आहोत, असे हॅम्लेट उत्तरतो. इंग्रजीत पुत्र आणि सूर्य या दोहोंचा उच्चार 'सन' असाच होतो. त्यामुळे उन्हाच्या मिषाने लादलेले पुत्रत्व झिडकारले जाते. पुत्रवाचक शब्द मूळचा 'सुनु', आपल्या 'सूनु'चाच दूरचा आप्त. त्यातील उकाराच्या व नकाराच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ययुगीन लेखनिक तेथे 'ओ' लिहू लागले. १६०४ च्या क्वार्टोत हॅम्लेटच्या तोंडचा हा शब्द 'ओ'ने छापला आहे, १६२३ च्या फोलिओत 'यू'ने. त्या काळी वर्णलेखन स्थिर नव्हते, तेव्हा यावरून फार अनुमाने काढू नयेत. परंतु नाट्यगृहातील श्रोत्याला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येत, एवढे खरे.

आगरकरांच्या 'विकारविलसिता'पासून (१८८३) मराठी भाषांतरकारापुढे हा पेच आहे. ऊन ठेवावे तर पुत्र हरपतो. पुत्र ठेवावा तर उत्तराची धार जाते. तळटीप देऊन सुटका करून घेणे सोपे, पण तळटीप रंगभूमीवर ऐकू येत नाही. 'मित्र' शब्दात सूर्य आणि स्नेही दोन्ही आहेत. तथापि येथे तंटा नात्याचा आहे, स्नेहाचा नव्हे.

आमच्या मते सूर्याचा हट्टच सोडावा. मराठीत 'सुत' आणि 'सूत' कानाला एकच, आणि विभक्ती लागताच लेखनातही भेद उरत नाही: 'सुताचा'. राजाने मन अजून कशात गुंतले आहे असे विचारावे, आणि हॅम्लेटने सुताचाच गुंता फार झाला आहे, असे म्हणावे. मात्र राजाच्या तोंडी आधी 'सुत' हाच शब्द हवा. 'चिरंजीव' म्हटले की पुढचा खेळ बुडाला. शब्द ग्रांथिक आहे खरा, पण दरबारात तो शोभतो. सूर्य म्हणजे राजा, हा ध्वनी यात हातचा जातो. तेवढे नुकसान आम्ही सोसू, पुत्रत्वाचे नाही.