चळवळीतली बाई घरी येते तेव्हा

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’वर (२००३) बोलताना आपली समीक्षा कोकणात रमते. फणसवळे गाव, सुपे-टोपल्या विणणारी आई, शाळेतली शिवाशिव! हे सारे मोलाचे आहेच. पण लेखिका लग्न होऊन मुंबईत येते, आणि तिथे तिच्यासमोर शिवाशिव पाळणारा सवर्ण नसतो, आपल्यातलाच नवरा असतो. इथे आमच्या समीक्षकांची लेखणी अडखळते. का बरे?

परळच्या दामोदर हॉलमध्ये १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रिया, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर भाषण केले. ते भाषण आपल्याजवळ आहे. समोर बसलेल्या बाया उठून घरी गेल्या तेव्हा काय झाले, याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. ती उणीव ‘आम्हीही इतिहास घडवला’ने (१९८९) काही अंशी भरून काढली. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधून काढल्या, त्यांना बोलते केले. दुसऱ्या बायांना घरादाराचे प्रश्न विचारणारी लेखिका चौदा वर्षांनी तेच प्रश्न स्वतःच्या घराला विचारते. ‘आयदान’ या क्रमाने वाचले पाहिजे.

स्त्रीवादी म्हणून जगायचे म्हणजे काय, याचे उत्तर या पुस्तकात ठरावाच्या भाषेत सापडत नाही. ते पगाराच्या पैशांत आहे. बाई कमावते, पण पगार नवऱ्याच्या हाती देते आणि त्यात तिला आनंदही वाटतो. हा आनंद ती लपवत नाही, हे विशेष. मग ती एम.ए. करू लागते, सभांना जाते, लिहिते आणि घर कुरकुरू लागते. तरीही नवऱ्याला ती खलनायक करीत नाही. काहींना हा कच्चेपणा वाटतो. मला वाटत नाही. जातीने चेचलेला पुरुष घरात मालक कसा होतो, हे शिव्या देऊन कळणारे नाही.

मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’च्या (१९८४) वेळीही प्रश्न हाच होता. पँथरच्या नेत्याच्या बायकोने घरातले बोलावे की नाही? घरचे चव्हाट्यावर आणू नये म्हणणारे गावकुसाबाहेरचे दुःख मात्र चव्हाट्यावरच मांडत आले. (मांडलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही.)

दादर-गिरगावच्या सवर्ण स्त्रीवाद्यांनाही हे पुस्तक सोयीचे नाही. मथुरा प्रकरणानंतर १९८० साली बलात्कारविरोधी आंदोलन उभे राहिले, ते एका आदिवासी मुलीवरील अन्यायातून. पण बाई म्हणून आपण सगळ्या एक, असे म्हणताना जात बाजूला ठेवली जाई. पवारांना तसे करता येत नाही. दोन्ही मांडवांत त्या आहेत आणि दोन्हीकडे त्यांचे एकेक अंग परके आहे.

उत्तरार्धात कार्यक्रमांची आणि नावांची दाटी होते, हा पुस्तकाचा खरा दोष. तिथे वेग वाढतो आणि घर मागे पडते. पगाराच्या प्रसंगापाशी लेखिका आणखी चार पाने थांबायला हवी होती.