शीर्षकापुरता श्वान

फ्रान्सिस थॉम्प्सन (१८५९–१९०७) या इंग्रज कॅथलिक कवीची ‘द हाउंड ऑफ हेवन’ ही कविता १८९० साली ‘मेरी इंग्लंड’ या मासिकात प्रसिद्ध झाली. देवापासून पळणारा माणूस आणि त्याची पाठ न सोडणारा देव, हा तिचा विषय. शीर्षकाचे ‘स्वर्गातला कुत्रा’ असे भाषांतर केले, तर भक्तीऐवजी अवहेलनेचा भास होतो. दोष कवीचा नव्हे, शब्दाला शब्द ठेवण्याचा आहे. मराठीत ‘कुत्रा’ हा शब्द माणसाला लावला की बहुधा शिवी होते. इंग्रजीतला ‘हाउंड’ हा सावजाचा माग काढणारा शिकारी श्वान. रूपक उपमानाचे सर्वच गुण उचलीत नाही. येथे उचलला आहे तो केवळ चिकाटीचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शीर्षक सोडल्यास कवितेत ‘हाउंड’ हा शब्द कोठेही नाही. ऐकू येतात ती मागून येणारी संथ, अथक पावले आणि त्यांच्या जोडीला एक आवाज. पाठलाग करणारा दिसत नाही, म्हणूनच पळणाऱ्याचे भय वाढते. शिकारीचा शेवट सावजाच्या मरणात होतो; येथे मात्र गाठला गेलेला माणूस वाचतो. ज्याला आपण काळोख समजत होतो, ती मायेने पुढे केलेल्या हाताची सावली तर नव्हे, असे त्याला वाटू लागते. रूपक येथे मोडते, आणि मोडते तेथेच त्याचा अर्थ उजळतो. या कवितेचा आधार घेऊन देवाची केवळ दहशत सांगणारा तिचा शेवट विसरतो, असे आमचे मत आहे.

कविता निर्दोष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मधल्या भागात निसर्गवर्णने व जडजंबाळ शब्द यांची इतकी दाटी होते की पावलांचा नाद हरवतो. लंडनच्या रस्त्यांवर अफूच्या व्यसनात दिवस कंठलेल्या या कवीचा अनुभव साध्या शब्दांतच अधिक बोलतो.

मराठी मनाला कुत्र्याच्या रूपात देव दिसलाच नाही, असेही नाही. कोरडी भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. तेथे भक्त धावतो, येथे देव धावतो. हरवलेल्या मेंढराचा दाखला (लूक १५) लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्या कुटुंबांना हा दुसरा पाठलाग परका वाटू नये.