वीरांना जाब कोणीं विचारावा?

अलौकिक सामर्थ्य अंगीं असलेल्या पुरुषाच्या हातून निरपराध माणसांची हानि झाली, तर तिचा जाब त्याला विचारावा, कीं त्याच्या उपकारांकडे पाहून ती पोटांत घालावी? हा प्रश्न सध्यां घरोघरच्या मुलांच्या तोंडीं ऐकूं येतो. त्याचें निमित्त बहुधा परदेशी असतें. १९३८ सालीं अमेरिकेंतील एका चित्रकथांच्या मासिकांत 'सुपरमॅन' अवतरला आणि तेव्हांपासून अशा अतिमानवांची एक पलटणच तेथें उभी राहिली. २०१६ सालच्या 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' या चित्रपटांत एक आई अशा एका वीरासमोर उभी राहून आपल्या मेलेल्या मुलाबद्दल त्याला दोष देते, आणि या वीरांवर राष्ट्रांचा अंकुश असावा कीं नसावा यावरून त्यांच्यांतच दुफळी माजते.

मराठी वाचकाला मात्र हा प्रश्न नवा वाटण्याचें कारण नाहीं. महाभारत त्यानें ओतप्रोत भरलेलें आहे. आणि महाभारताच्या आधारानें लिहिलेल्या ज्या दोन कादंबऱ्या आपल्या भाषेंत अत्यंत लोकप्रिय झाल्या, त्या दोन्ही कोल्हापुरांत राहणाऱ्या लेखकांच्या आहेत. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' १९५९ सालीं आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. वीराच्या अपराधाकडे या दोघांनीं कोणत्या दृष्टीनें पाहिलें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम व्यासांची रीत पाहूं. कृष्णार्जुनांनीं खांडववन जाळलें, तेव्हां तक्षकाची पत्नी अर्जुनाच्या बाणानें मेली. तिचा वांचलेला मुलगा अश्वसेन पुढें कुरुक्षेत्रावर कर्णाच्या बाणांत शिरतो आणि अर्जुनाच्या मुकुटापर्यंत येऊन पोंचतो. शंभर पुत्र गमावलेली गांधारी श्रीकृष्णाला विचारते कीं, अंगीं सामर्थ्य असतांना तूं हा संहार कां होऊं दिलास? ती शाप देते, श्रीकृष्ण तो नाकारीत नाहीं, आणि छत्तीस वर्षांनीं यादवकुळ आपसांत लढून नष्ट होतें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, केवळ शासन झालें एवढ्यानें व्यासांचें समाधान होत नाहीं. ज्याचें नुकसान झालें, त्याला ते बोलूं देतात. अश्वसेन आपल्या आईचें वैर स्वतः सांगतो. गांधारी आपलें गाऱ्हाणें स्वतः मांडते. शासन ही कथेंत दैवाच्या हातची गोष्ट असेल. परंतु गाऱ्हाण्याला जागा देणें सर्वस्वीं ग्रंथकाराच्या हातीं असतें. म्हणून नायकानें ज्याला दुखावलें त्याला तुम्ही बोलूं दिलें काय, हाच प्रश्न कादंबरीकाराला विचारला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

या कसोटीला 'ययाति' बऱ्याच अंशीं उतरते. मूळ आख्यानांत ययाति पुरूचें तारुण्य घेऊन सहस्र वर्षें भोग भोगतो आणि शेवटीं विरक्त होऊन तें परत करतो. पित्याला उपरति झाली, पुत्राला राज्य मिळालें, आणि हिशेब मिटला! खांडेकरांनीं तो इतक्या सहज मिटूं दिला नाहीं. त्यांनीं निवेदन ययाति, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांत वांटून दिलें. त्यामुळें ययाति आपल्या अतृप्तीचें कितीहि करुण वर्णन करो, त्या अतृप्तीची किंमत कोणाला द्यावी लागली, तें वाचकाला दुसऱ्या तोंडून ऐकावेंच लागतें. तान्ह्या पुरूला घेऊन राजवाडा सोडणारी शर्मिष्ठा आपलें दुःख स्वतः सांगते. आणि जिला केवळ अहंकाराची पुतळी ठरविणें सोपें, त्या देवयानीलाहि आपली बाजू मांडतां येते. तिघांच्याहि तोंडीं खांडेकरांचीच सुभाषितप्रचुर भाषा येते, हा दोष खरा. पण भाषा एकच असली तरी साक्षी तीन आहेत. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. ज्याचें तारुण्य मागितलें गेलें, त्या पुरूला निवेदनाचा वांटा नाहीं. गिरीश कर्नाड यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कानडी 'ययाति' नाटकांत या दिशेनें आणखी एक पाऊल टाकलें. त्यांनीं पुरूची नववधू चित्रलेखा रंगभूमीवर आणली. पितापुत्रांच्या देवघेवींत जिचा विचार कोणीं केला नाहीं अशी ही स्त्री जाब विचारते, आणि शेवटीं मृत्यु पत्करते.

आतां 'मृत्युंजय'कडे वळूं. कर्णाचें चरित्र हा मराठी मनाचा जुना हळवा कोपरा. सावंतांनीं त्याला विस्तृत, ओजस्वी आणि भावपूर्ण रूप दिलें, आणि जन्मानें हिणवल्या गेलेल्या पुरुषाची वेदना हजारों घरांत पोंचविली. हें त्यांचें यश निर्विवाद आहे. तथापि कर्ण दुखावलेला जसा आहे तसाच दुखावणाराहि आहे. व्यासांचा कर्ण द्यूतसभेंत द्रौपदीला कुलटा म्हणतो आणि तिचीं व पांडवांचीं वस्त्रें हिरावून घेण्यास दुःशासनाला सांगतो. द्रौपदी हें विसरत नाहीं. त्या वेळीं कर्ण हंसला, याचें दुःख अद्याप शमत नाहीं, असें ती वनवासांत श्रीकृष्णाला सांगते. युद्धापूर्वीं कर्णहि श्रीकृष्णाजवळ पश्चात्ताप बोलून दाखवितो. परंतु तो पांडवांना बोललेल्या कठोर शब्दांबद्दल. द्रौपदीचें नांव त्या उद्गारांत नाहीं. रणांगणावर त्याच्या रथाचें चाक रुततें, तें एका ब्राह्मणाची गाय मारल्याच्या शापानें. गाईचा हिशेब पृथ्वीनें चुकता केला. सभेंतील विटंबनेचा जाब विचारण्यास श्रीकृष्णाला तोंड उघडावें लागलें.

'मृत्युंजय'मध्यें सहा निवेदक आहेत : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. माता, मित्र, पत्नी, बंधु असे चौघे कर्णाचे जिव्हाळ्याचे. आणि ज्या श्रीकृष्णानें महाभारतांत आरोपपत्र वाचलें, त्याचें अखेरचें निवेदनहि येथें कर्णाच्या गौरवाकडेच झुकतें. दुर्योधनालासुद्धां आपलें म्हणणें मांडण्याची संधि मिळते. द्रौपदीला मिळत नाहीं. ज्याचें धनुष्य कर्णानें तोडलें त्या अभिमन्यूच्या मातेलाहि नाहीं. सभेंतील प्रसंग लेखकानें गाळलेला नाहीं. पण तो जिच्यावर गुदरला तिच्या शब्दांत तो आपल्याला कधींच ऐकूं येत नाहीं.

यावर कोणी म्हणतील कीं, कर्णाची बाजू मांडण्यासाठींच जो ग्रंथ लिहिला, त्यांत प्रतिपक्षाचे साक्षीदार कां आणावेत? उपेक्षिताचा कैवार घेणें हा कवीचा हक्कच आहे. हा आक्षेप एकाच निवेदकाच्या कादंबरीला लागू पडला असता. परंतु लेखकानें स्वतःच सहा जणांसाठीं दार उघडल्यावर सातवी व्यक्ति बाहेर कां राहिली, हें विचारण्याचा हक्क वाचकालाहि पोंचतो. दुसरें असें कीं, रंगभूमीवरील सूतपुत्राचा अपमान आणि सभेंतील द्रौपदीचा अपमान हे एकमेकांविरुद्ध वजा घालण्याचे आंकडे नव्हेत. पहिल्यानें दुसऱ्याचें कारण कळेल. तो फिटणार नाहीं. आणि तिसरें म्हणजे, द्रौपदीच्या शब्दानें कर्ण लहान झाला असता, ही भीति व्यर्थ आहे. शर्मिष्ठेच्या शब्दानें ययाति लहान झाला नाहीं. तो अधिक खरा झाला.

सामर्थ्यवान माणसाचें दुःख आपण त्याच्या तोंडून ऐकतों, आणि त्यानें दिलेलें दुःख आपल्याला कोणी सांगत नाहीं. ही संवय कादंबरींत लागते आणि पुढें घरांतील कर्त्या पुरुषाविषयीं, गांवांतील पुढाऱ्याविषयीं मत बनवितांनाहि सुटत नाहीं. 'मृत्युंजय' वाचून घरांतील मुलगा वा मुलगी कर्णासाठीं रडली, तर त्यांना अडवूं नये. तें रडणें योग्यच आहे. परंतु वडीलधाऱ्यांनीं त्याच आठवड्यांत सभापर्वाचें भाषांतर त्यांच्या हातीं द्यावें, द्रौपदीनें सभेला विचारलेला प्रश्न त्यांच्याकडून मोठ्यानें वाचून घ्यावा, आणि मग कर्णाविषयीं त्यांना काय वाटतें तें पुन्हा विचारावें.