बाबा एकवचनी

कवितासंग्रह दिसला की आमचे समीक्षक तुटून पडतात. पण रेन आणि मार्टिन या जोडगोळीच्या इंग्रजी व्याकरणावर कोणी चार कडक ओळी लिहिल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही. तेव्हा म्हटले, आपणच लिहावे. तसा या ग्रंथाचा मी जुना गिऱ्हाईक, पाठीवर वळ असलेला.

माझी तक्रार कर्ता-क्रियापदाच्या मेळाच्या प्रकरणाबद्दल आहे. नियम चोख आहेत. ‘कमिटी’ एकदिलाने वागली तर एकवचनी, आपसांत भांडली तर अनेकवचनी. (म्हणजे आमच्या सोसायटीची कमिटी जन्मात एकवचनी व्हायची नाही.) ‘न्यूज’च्या शेपटाला एस असून एकवचन, ‘पोलीस’ला नसून अनेकवचन. हेही सोसले. पण खरे दुखणे ‘गोज’मधल्या एसचे. नामाला एस लागला की माणसे वाढतात आणि क्रियापदाला लागला की एकटाच उरतो! ‘बॉइज गो’, पण ‘बॉय गोज’. दोघां भावांत एकच छत्री. एकाने नेली की दुसरा भिजत जाणार. बरे, ‘आय’ला हा एस नाही, ‘यू’ला नाही, काल गेला असेल तर कोणालाच नाही. ‘ही कॅन्स’ म्हणालात तर छडी! १६११ सालच्या इंग्रजी बायबलात याच जागी ‘एथ’ आहे. येणारा ‘कमेथ’, जाणारा ‘गोएथ’. पुढे उत्तरेकडच्या बोलीतला एस लंडनात येऊन ठाण मांडून बसला. इंग्रजांनी वर्तमानकाळातले बाकीचे प्रत्यय टाकून दिले, हा एवढा ठेवला. बहुधा आमच्यासाठीच.

मराठी सोपी आहे असे कोण म्हणतो? रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली. खाणारा तोच, पण क्रियापद बेटे पोळीच्या मागे! साहेबाला घाम फुटला असणार. पण आमच्याकडे ‘बाबा आले’. बाबा एकच, तरी अनेकवचनी. मराठी पोराचा पाय नेमका इथे घसरतो आणि या ग्रंथात कमिटीला जागा आहे, बाबांना नाही.

सहावीत मी निबंधात लिहिले, ‘माय फादर आर अ क्लार्क.’ मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचले आणि विचारले, “किती फादर आहेत रे तुला?” वर्ग खदखदला. वर शिक्षा काय, तर वहीवर बाबांची सही आणायची! बाबा दिवसभर ऑफिसात इंग्रजी खर्डे लिहीत. त्यांनी ते तांबडे वर्तुळ बराच वेळ पाहिले. मग टाक दौतीत बुडवून म्हणाले, “मास्तरांचं बरोबर आहे. इंग्रजीत बाप ‘इज’च असतो.” सही केली, वही मिटली आणि जरा थांबून म्हणाले, “पण तुझं वाचायला बरं वाटलं हो.”

बाबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. तिचे ‘इज’ आणि ‘आर’ कधी चुकत नाहीत. परवा मी भाजी घेऊन आलो, तर दार उघडून ती आनंदाने किंचाळली, “आई, आजोबा आला!”

“आला काय? आले म्हणावं!” सून आतून ओरडली.

मी पिशवी खाली ठेवली आणि चपला काढू लागलो. पोरगी माझ्या मागे पुन्हा पुन्हा बघत होती, आणखी कोण आले ते.